दुधातलं तांबं कुणाचं?

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "शेळीच्या दुधात मिनरल्स जास्त असतात म्हणे. तू लॅबमध्ये असतोस ना, खरंय का रे?" माझा मजला दुसरा. तेवढ्या वेळात मी "बघून सांगतो" एवढंच म्हणू शकलो.

प्रश्न एकट्या काकूंचा नाही. पुण्याजवळच्या आमच्या वाकडमध्ये दूध आता नुसतं दूध राहिलेलं नाही. दत्त मंदिर रस्त्यावरच्या दुकानात पिशवीतलं गाईचं, पिशवीतलं म्हशीचं, काचेच्या बाटलीतलं 'ए-टू', फ्रीजच्या वरच्या कप्प्यात शेळीचं. कधीमधी गाढवीण घेऊन चमच्यावर दूध विकणारेही गल्लीत येऊन जातात. खनिजांचा दावा सगळ्यांचाच असतो. तो कसा तपासायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

आधी खनिजं म्हणजे कुठली ते पाहू. कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम ही ठोक मालातली खनिजं. गाईच्या लिटरभर दुधात कॅल्शियम साधारण बाराशे मिलिग्रॅम, म्हशीच्या दुधात अठराशेच्या आसपास. हे मोजणं फार अवघड नाही. खरी कसोटी लागते ती जस्त, लोह, तांबं, मँगनीज, सेलेनियम, आयोडीन, मॉलिब्डेनम या सूक्ष्म खनिजांना. गाईच्या किलोभर दुधात जस्त साधारण ४ मिलिग्रॅम. लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आगेमागे. तांबं तर ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरचा अख्खा टँकर घेतला तर त्यात सगळं मिळून एक ग्रॅम. सेलेनियम त्याहूनही कमी.

मी सुरुवातीला भोसरीच्या एका फाउंड्रीत 'स्पेक्ट्रो'वर बसायचो. भट्टीतून रस आला की त्याची नाण्यासारखी चकती ओतायची, घासायची, यंत्रावर ठेवायची. ठिणगी उडते, त्या ठिणगीच्या उजेडात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाची रेघ टाकतं आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, तांबं असे टक्के येतात. भोसरी-चाकणच्या कास्टिंगवाल्यांना हे सांगायला नको. तिथे अर्धा टक्का तांबं म्हणजे पाच हजार पीपीएम, किलोला पाच हजार मिलिग्रॅम. दुधाच्या लॅबमध्ये आलो तेव्हा पहिल्या दिवशी कळलं की इथे ०.१ पीपीएम शोधायचं आहे. पन्नास हजार पट कमी. फाउंड्रीत हाताला तेल लागलेलं असलं तरी बिघडत नव्हतं. इथे हातमोज्याची पावडरसुद्धा आकड्यात दिसते. एका जुन्या लॅबमध्ये आम्ही आठवडाभर जस्त जास्त का येतंय म्हणून डोकं धरून बसलो होतो. शेवटी चोर सापडला तो हातमोज्यात. पावडर लावलेले स्वस्तातले मोजे कुणीतरी मागवले होते.

म्हणून सूक्ष्म खनिजांच्या कामात यंत्राच्या आधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे जनावराकडून आलं, की वाटेत कुठे चिकटलं? हा प्रश्न किती महागात पडू शकतो याचं जगातलं एक ठळक उदाहरण आपल्या पुण्यातच घडलेलं आहे.

'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' नावाचा यकृताचा आजार होता. तान्ह्या आणि दोन-तीन वर्षांच्या मुलांना व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. पुढच्या भावंडालाही व्हायचा, म्हणून लोक घराण्याला दोष द्यायचे. १९७९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्टुअर्ट टॅनर आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडितही होते. या मुलांच्या यकृतात तांब्याचा अक्षरशः साठा होता. निरोगी यकृताच्या सुक्या ग्रॅममागे तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असतं. इथे ते कित्येक शेकड्यांमध्ये होतं. मग शोध सुरू झाला की एवढं तांबं तान्ह्या पोटात येतं कुठून. १९८३ मध्ये टॅनर, डॉ. शीला भावे, डॉ. पंडित आणि सहकाऱ्यांनी पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं की संशय वरच्या दुधावर आहे. गाईम्हशीचं दूध फार लवकर सुरू करायचं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवायचं, त्यातच ठेवायचं. पुढे आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीची निरोगी मुलं यांच्या खाण्यापिण्याची तुलना झाली, तेव्हाही बोट त्याच भांड्याकडे गेलं.

यात एक उलटी गंमत आहे. आईच्या दुधात तांबं गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं, दुप्पट किंवा त्याहूनही थोडं अधिक. म्हणजे जनावराच्या दुधावर तांब्याचा आरोप ठेवायला मुळात जागाच नव्हती. ते भांड्यातून येत होतं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला घट्ट पकडतं. पितळेत पाणी ठेवलं तर थोडंसं तांबं उतरतं. दूध ठेवलं तर केसीन ते ओढून घेत राहतं. आपल्या आज्यांना याचा वेगळ्या शब्दांत पत्ता होता. दही-ताक पितळेत कळकतं, म्हणून भांड्याला कल्हई हवी. दारात कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं लाल तापवायचा, नवसागर टाकून पांढरा धूर काढायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथिलाचा चकचकीत हात फिरवायचा. कथील मध्ये आलं की दूध आणि पितळ यांची गाठ पडत नाही. पण कल्हईला पैसे लागतात, ती झिजते, आणि दूध गोड असल्यामुळे 'कळकेल' असं कुणाला वाटतही नाही. बाळाच्या तोंडात दूध सोडायचं बोंडलंही पितळेचंच.

आता हिशेब पाहा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समजा पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त आहे, आणि लिटरभर दुधात त्यातलं अर्धा मिलिग्रॅम जसंच्या तसं उतरलं. जस्त ४ मिलिग्रॅमचं ४.१५ झालं. तपासणी अहवालात हे कुणाच्या नजरेलाही येणार नाही, कारण दोन गाईंमध्ये एवढा फरक असतोच. तांबं मात्र ०.१ चं ०.४५ झालं, साडेचार पट. एकाच भांड्याने दोन धातू दिले, त्यातला एक गर्दीत मिसळून गेला आणि दुसरा उघडा पडला. जे खनिज मुळात कमी, त्यात बाहेरची भर सगळ्यात मोठी दिसते.

१९९० च्या दशकापर्यंत स्टील घराघरांत आलं, पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याविषयी गावोगाव सांगितलं गेलं आणि आजार जवळजवळ दिसेनासा झाला. सगळ्या शंका काही मिटलेल्या नाहीत. तेच दूध पिऊन बरीच मुलं ठणठणीत राहिली, तेव्हा अंगच्या जनुकांचाही काही वाटा असणार. ऑस्ट्रियातल्या टायरॉलमध्येही अगदी असाच बालसिऱ्होसिस होता. १९०० ते १९७४ या काळातल्या १३८ मुलांची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही गाईचं दूध, तिथेही तांब्याची भांडी, आणि भांडी गेल्यावर आजार गेला. हल्ली पितळेची आणि तांब्याची भांडी पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत. पाण्याचं एक वेळ सोडा, पण कल्हईशिवायच्या पितळेत बाळाचं दूध कुणी तापवताना दिसलं तर मी तरी तोंड बंद ठेवणार नाही.

आता मोजणीकडे. काकूंच्या शेळीचं दूध माझ्या टेबलावर यायचं तर ते कसं यावं?

बाटली पॉलीप्रोपिलीनची, बिनरंगी, झाकणात रबराची चकती नसलेली. ती दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवलेली आणि अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळलेली. जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालत नाही. पहिल्या काही धारा बाजूला सोडायच्या, कास आधी धुऊन पुसलेली हवी. कासेला आयोडीनचं औषध लावत असतील तर तसं लिहून द्यायचं, कारण ते दुधातल्या आयोडीनच्या आकड्यात उतरतं. सकाळ-संध्याकाळचं दूध त्या त्या वेळच्या प्रमाणात एकत्र करायचं. शेळी व्यायल्याला किती दिवस झाले हेही हवं. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक, ज्याचा आपण खरवस करतो, त्यात जस्त नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असतं. गाईचं महिन्यानंतरचं दूध आणि शेळीचा चीक शेजारी ठेवून 'शेळी श्रेष्ठ' म्हणणं ही शुद्ध लबाडी.

नमुना लॅबमध्ये आला की तो चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात ठेवतो, म्हणजे वर आलेली साय वितळते. मग बाटली हळूहळू उलटसुलट करायची. जोरात हलवली तर लोणी निघेल आणि तांबं-लोह-मॉलिब्डेनमचा जो भाग स्निग्ध कणांच्या पातळ आवरणात असतो तो लोण्याबरोबर एका बाजूला जाईल. यानंतर दूध मापून नाही, तोलून घ्यायचं. म्हशीचं दूध दाट, गाईचं पातळ. एक मिलिलिटर म्हणजे दोन्हींत सारखं वजन नव्हे.

साधारण अर्धा ग्रॅम दूध टेफ्लॉनच्या जाड नळकांड्यात घेतो. त्यात शुद्ध नायट्रिक आम्ल पाच-सात मिलिलिटर आणि वर थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण घट्ट. अशी पंधरा-वीस नळकांडी एका गोल फिरत्या चौकटीत बसवून मायक्रोवेव्हमध्ये जातात. हा मायक्रोवेव्ह घरच्यासारखा दिसत असला तरी त्याच्या पोटात दोनशे अंशांच्या आसपास तापमान आणि चांगलाच दाब असतो. अर्ध्या-पाऊण तासात चरबी, प्रथिनं, साखर सगळं जळून वायू होऊन जातं. थंड झाल्यावर झाकण सैल केलं की तांबूस धूर निघतो, आणि आत उरतो तो पाण्यासारखा स्वच्छ, किंचित पिवळट द्रव. मघाचं पांढरं दूध हेच, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. हा द्रव अतिशुद्ध पाण्याने पन्नास मिलिलिटर करायचा. दूध झालं शंभर पट पातळ.

जुन्या पद्धतीत दूध मफल भट्टीत साडेचारशे-पाचशे अंशांना जाळून राख करतात. जस्ताला ते ठीक चालतं. सेलेनियम मात्र त्या उष्णतेत उडून जाऊ शकतं. आयोडीनची तऱ्हा आणखी वेगळी. आम्लात ते वाफ होऊन निसटतं, म्हणून त्याच्यासाठी अल्कली वापरून वेगळा नमुना काढावा लागतो. 'सगळी खनिजं एकाच तपासणीत' असं कुणी सांगितलं तर आयोडीनचं काय केलं, एवढं विचारावं.

दुधाच्या नळकांड्यांबरोबर दोन-तीन नळकांडी रिकामी जातात. रिकामी म्हणजे आम्ल, पेरॉक्साइड, सगळं तेच, फक्त दूध नाही. याला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. लॅबमधली धूळ, आम्लातली अशुद्धता, भांड्याची पुटं, सगळ्यांचा पंचनामा या ब्लँकमध्ये होतो. वाकडसारख्या ठिकाणी, जिथे शेजारी कायम कुठलं तरी बांधकाम चालू असतं, तिथे खिडकी उघडी राहिली तर लोहाचा ब्लँक लगेच चढतो.

आता यंत्र. अनेक लॅबमध्ये अजूनही अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन वापरतात. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही पद्धत. अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीत द्रवाचा फवारा सोडायचा आणि जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश त्यातून पाठवायचा. ज्योतीतलं जस्त तो प्रकाश गिळतं. जेवढा गिळला तेवढं जस्त. सोपं, विश्वासाचं, पण एका वेळी एकच धातू. तांब्यासाठी दिवा बदला, लोहासाठी पुन्हा बदला. आणि साध्या ज्योतीला सेलेनियमसारखं मायक्रोग्रॅममधलं काही दिसत नाही.

म्हणून आम्ही वापरतो आयसीपी-एमएस. अमेरिकेत आयोवा इथे हाउक, फासेल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये त्याचा पाया घातला. अर्गॉन वायूला रेडिओ लहरींनी इतकं तापवतात की त्याची सहा ते दहा हजार अंशांची पांढरीशुभ्र ज्वाळा होते. तिच्यात गेलेल्या दुधाच्या थेंबाचे अणू सुटे होऊन विद्युतभारित होतात. हे आयन एका बारीक छिद्रातून निर्वात नळीत ओढून घेतात आणि तिथे वजनाप्रमाणे चाळतात. ६६ वजनाचं जस्त, ६३ किंवा ६५ चं तांबं, ५६ चं लोह. फाउंड्रीतला स्पेक्ट्रो मूलद्रव्याचा उजेड पाहतो, हे यंत्र त्याचा एकेक अणू मोजतं.

यातही फसगत आहे. अर्गॉनचं वजन ४०, ऑक्सिजनचं १६. दोघं जोडीने गेले तर ५६, म्हणजे नेमकं लोहाचं सोंग. दुधात कॅल्शियम भरपूर, त्याचंही वजन ४०, तेही ऑक्सिजनला धरून ५६ च होतं. सोडियम २३ आणि अर्गॉन ४० मिळून ६३, म्हणजे तांब्याचं सोंग. दुधात सोडियम आहेच. दूध स्वतःच स्वतःच्या मोजणीत खोटी साक्ष देतं! यावर उपाय म्हणून वाटेत हेलियमने भरलेली एक कोठडी ठेवतात. जोडीने जाणारे आकाराने मोठे, ते हेलियमवर जास्त आपटून दमतात आणि मागे पडतात. एकटा अणू सडपातळ, तो पार होतो. ज्या अहवालात लोहाचा आकडा डोळे विस्फारायला लावतो, तिथे ही कोठडी चालू होती का, हे मी आधी पाहतो.

पडद्यावर आकडा येतो तो पातळ केलेल्या द्रवाचा. समजा जस्त आलं लिटरला ४१.६ मायक्रोग्रॅम, ब्लँक ०.९. वजा करून ४०.७. पन्नास मिलिलिटरमध्ये म्हणजे २.०३५ मायक्रोग्रॅम. दूध घेतलं होतं ०.५१२ ग्रॅम. भागाकार केला की ग्रॅमला ३.९७ मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोला ३.९७ मिलिग्रॅम. आता तांबं. आलं १.३१, ब्लँक ०.२८. वजा करून १.०३, म्हणजे किलोला ०.१० मिलिग्रॅम. जस्तात ब्लँकचा वाटा दोन टक्के, तांब्यात वीस टक्क्यांच्या वर. ब्लँक वजा करायला विसरलो तर जस्त फारसं हलणार नाही, पण तांबं सव्वापट होईल. पितळेच्या भांड्याचा हिशेब इथे यंत्राच्या टेबलावर पुन्हा भेटतो.

यंत्र खरं बोलतंय का हे पाहायला प्रमाणित दूधपावडर मिळते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची '१५४९' नावाची पावडर वर्षानुवर्षं लॅबवाल्यांच्या कपाटात होती. तिच्यात किलोला जस्त ४६.१ मिलिग्रॅम आणि तांबं ०.७ असं ठरवून दिलेलं. ती आपल्याच पद्धतीने जाळून, मोजून तोच आकडा आला तर पुढे जायचं, नाहीतर अख्खी खेप पुन्हा.

आता काकूंचं उत्तर. मेंढीचं दूध सगळ्यात दाट, प्रथिनं जास्त, आणि जस्त बहुतांशी केसीनला धरून असल्यामुळे जस्तही जास्त. दिवाळीनंतर पुण्याभोवतीच्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात, त्यांच्या चहात खनिजांच्या दृष्टीने आपल्या पिशवीपेक्षा बरंच काही असतं. म्हशीचंही याच कारणाने गाईपेक्षा थोडं वर. शेळी गाईच्या जवळपास. कधी थोडी वर, कधी थोडी खाली. शेळी उस्मानाबादी जातीची की संगमनेरी, यापेक्षा ती काय खाते आणि व्यायल्याला किती दिवस झाले यानेच आकडा जास्त हलतो. गाढविणीच्या दुधात केसीन कमी, म्हणून कॅल्शियम आणि जस्तही कमी. ते आईच्या दुधाच्या जवळ जातं. लोहाच्या बाबतीत मात्र गाय, म्हैस, शेळी सगळ्याच कंजूष. वासराला जन्मताना यकृतात लोह बांधून दिलेलं असतं, दुधावर तो भार नसतो. फक्त दुधावर वाढवलेलं वासरू पांढरंफटक पडतं ते त्यामुळेच.

चाऱ्याने सगळं बदलत नाही. गोठ्यात खनिज मिश्रण घातलं म्हणून दुधातलं जस्त किंवा तांबं फारसं वाढत नाही; जनावराचं शरीर ते आपल्याकडे आवरून धरतं. सेलेनियम आणि आयोडीन मात्र चाऱ्यापाठोपाठ चढतात-उतरतात. फिनलंडने १९८४ मध्ये जमिनीतली कमतरता पाहून खतातच सेलेनियम घालायचं ठरवलं आणि पुढे तिथल्या दुधातलं सेलेनियम चढलं. तेव्हा बाटलीवर 'सेलेनियमयुक्त' असं लिहिलेलं असेल तर ते गाईच्या जातीपेक्षा तिच्या गव्हाणीबद्दल जास्त सांगतं.

रविवारी मी काकूंकडे स्वच्छ केलेली बाटली घेऊन गेलो. दार उघडताच शेजारी चपलांच्या कपाटावर पितळेचं जाडजूड पातेलं, त्यात मनी प्लँट. "सासूबाईंचं आहे," काकू म्हणाल्या, "यांना याच्यातच दूध तापवून पाजायच्या." मी आत वाकून पाहिलं. माती आणि मुळांच्या वर, काठालगत दोन बोटं उंचीचा, कल्हईचा पांढरट पट्टा अजून शाबूत होता.